तोंड उघडतं, पण पहिला शब्द येत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात वाचा-उपचाराचं काम करते. कागल, गडहिंग्लज, गारगोटी, मलकापूर, पलीकडं निपाणी, सगळीकडून मेसेज येतात. निम्म्याहून जास्त मेसेजांची तक्रार एकच असते: बोलणं सुरूच होत नाही. एकदा सुरू झालं की पुढं थोडंफार चालतं. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून इथं एकत्र केलेत. जिथं दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिलाय तिथं तो जोडून वाचा. हे वाचून घरच्या घरी निदान मात्र करू नका. माणूस समोर बसवून, त्याचं बोलणं ऐकूनच ते ठरतं.

१. बाबांना काय बोलायचंय ते त्यांना ठाऊक असतं, डोळ्यांत दिसतं. मग पहिला शब्द का येत नाही?

शब्द ठाऊक असणं आणि तो तोंडातून काढणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. आधी काय म्हणायचं ते ठरतं आणि त्यासाठी शब्द सापडतो. मग त्या शब्दासाठी छाती, स्वरतंतू, टाळू, जीभ, ओठ यांनी कोणत्या क्रमानं आणि किती वेळात हलायचं याची आखणी होते. शेवटी तो हुकूम नसांमधून स्नायूंपर्यंत जातो. बोलताना शंभराच्या आसपास स्नायू कामाला लागतात. आखणीत किंवा हुकूम पोचवण्यात बिघाड झाला की त्याला बोलण्याच्या हालचालींचा विकार म्हणायचं. यात विचार शाबूत असतो, आठवण शाबूत असते, राग आणि मायाही जशीच्या तशी असते. अडतं ते फक्त दारात.

२. आईची जीभ काल रात्री जेवताना अचानक जड झाली. आता जरा बरं वाटतंय. उद्या सकाळी दाखवलं तर चालेल का?

नाही. आत्ता निघा, नाहीतर १०८ ला फोन करा. बोलणं अचानक अडलं, तोंड एका बाजूला ओढलं, हात गळून पडला, तर तो पक्षाघात धरूनच चालायचं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. काही रुग्णांत नळी घालून गुठळी काढता येते, तिथं वेळ जास्त मिळतो. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं असतं, आपण घरात बसून नव्हे. लक्षणं आपोआप गेली तरी जायचंच, कारण तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. ‘वारं गेलं’ म्हणून तेल चोळण्यात रात्र घालवू नका. तोंडातून पाणी, चहा किंवा गोळीही देऊ नका. गिळणं बिघडलेलं असेल तर ते श्वासनलिकेत जातं.

आणि त्रास नेमका कधी सुरू झाला ती वेळ कागदावर लिहून न्या. दवाखान्यात पहिल्यांदा तेच विचारतात.

३. कागदावर एका डॉक्टरांनी डिसार्थ्रिया लिहिलंय, दुसऱ्यांनी अप्रॅक्सिया, तिसऱ्यांनी अफेझिया. नक्की काय आहे?

तिन्ही वेगळी आहेत, आणि एकाच माणसात दोन किंवा तिन्ही असू शकतात.

डिसार्थ्रियात आखणी ठीक असते, पण स्नायू कमजोर, ताठ, मंद किंवा बेताल झालेले असतात. त्यामुळं चूक बहुतेक वेळा एकसारखी येते, आवाज आणि श्वासही बिघडतो. अप्रॅक्सियात ताकद असते. माणूस चूळ भरतो, भाकरी चावतो. पण शब्दाच्या हालचालींची आखणीच जुळत नाही. म्हणून तोच शब्द एकदा बरोबर येतो, एकदा चुकतो, एकदा येतच नाही. आपलं चुकलं हे त्याला लगेच कळतं आणि तो पुन्हा दुरुस्त करायला जातो. अफेझियाला मराठीत वाचाघात म्हणतात. त्यात भाषाच विस्कटते, म्हणजे शब्द सापडणं, दुसऱ्याचं समजणं, वाचणं, लिहिणं. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी १८६१ मध्ये ज्या प्रसिद्ध रुग्णाचं वर्णन केलं, त्याच्या तोंडून फक्त ‘तान’ एवढंच येत असे, आणि तिथून हा सगळा अभ्यास वेगानं पुढं गेला. डिसार्थ्रियाचे प्रकार कानानं ऐकून ओळखायची जी पद्धत आम्ही आजही वापरतो, ती अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डार्ली, अ‍ॅरन्सन आणि ब्राऊन यांनी १९६९ मध्ये मांडली.

घरी एक अंदाज घेता येतो: बोलता येत नाही तेव्हा तो शब्द लिहून दाखवता येतो का? लिहिता आला तर शब्द सापडलाय, वाट तोंडाकडची अडलीय. पण उजवा हात गेला असेल किंवा माणूस शाळा शिकलेलाच नसेल, तर या चाचणीला अर्थ नाही.

४. नेमकं सुरुवातीलाच का अडतं? वाक्य मधे पोचलं की बरं बोलतात.

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उसानं भरलेली बैलगाडी बघा. चाकं फिरायला लागल्यावर बैल ती मैलभर ओढतात, पण जागेवरून हलवताना खांदा, पाय, दम सगळं एकाच क्षणी लावावं लागतं. बोलण्याचंही तसंच आहे. गप्प बसलेल्या माणसानं ‘मला’ म्हणायचं तर एरवीपेक्षा जास्त आणि झटकन श्वास घ्यावा लागतो. तो सोडताना आवरून धरावा लागतो. स्वरतंतू बरोबर एवढेच जवळ यायला लागतात. ओठ मिटतात, टाळूचा मागचा भाग खाली राहतो म्हणजे नाकातून आवाज जाईल. हे सगळं एकाच वेळी. मधल्या शब्दाला आधीच्या शब्दाचा टेकू असतो. श्वास चालू असतो, आवाज चालू असतो, जीभ आधीच वाटेवर असते. पहिल्या शब्दाला मागं काहीच नसतं.

दुसरं म्हणजे, पहिला आवाज निघण्याआधी पुढच्या काही शब्दांची जुळणीही मेंदूत झालेली असावी लागते. म्हणून लांब वाक्याची सुरुवात छोट्या वाक्याच्या सुरुवातीपेक्षा जड जाते. आणि तिसरं, ‘आता सोड’ हा इशारा. तो मेंदूच्या खोल भागातली केंद्रं आणि मधल्या बाजूचा पुढचा भाग मिळून देतात. आखणी तयार आहे, स्नायू तयार आहेत, पण इशाराच उशिरा आला, असंही होतं. पार्किन्सन या मेंदूच्या आजारात हे दिसतं (प्रश्न ७), आणि त्याचं टोकाचं रूप प्रश्न ११ मध्ये आहे.

त्यामुळं ‘सुरुवात अडते’ हे एकच लक्षण असलं तरी प्रत्येकाचं अडणं वेगळं दिसतं. अप्रॅक्सियाचा माणूस जीभ-ओठांनी चाचपडतो. ताठरपणाच्या डिसार्थ्रियात आवाज घुसमटून, जोर लावून निघतो. तोतरेपणात पहिलं अक्षर लांबतं, घोटाळतं किंवा गळ्यात कुलूप लागल्यासारखं थांबतं. मी तपासताना पहिल्या आवाजाच्या आधीचे दोन-तीन सेकंद फार लक्ष देऊन बघते. तिथं बरंच कळतं.

५. स्वतःचं नाव सांगता येत नाही, पण ‘चांगभलं’ खणखणीत म्हणतात. शिवीही स्पष्ट येते. नाटक तर करत नसतील?

नाटक अजिबात नाही.

माझ्याकडं एक आबा यायचे, ट्रक चालवायचे पूर्वी. नाव विचारलं की ओठ मिटायचे, उघडायचे, जीभ वर टाळूला लागायची, परत खाली. पुन्हा ओठ. आवाज नाही. उजवा गुडघा डाव्या हातानं चोळत राहायचे आणि वरच्या ओठावर घाम यायचा. एकदा असाच प्रयत्न चालू असताना कोपऱ्यात बसलेल्या नातीनं मोबाइलवर चैत्र यात्रेचा व्हिडिओ लावला. सासनकाठ्या, गुलाल, आणि गर्दीतून आरोळी आली, “ज्योतिबाच्या नावानं...” आबा मान वर करून म्हणाले, “चांगभलं!” पूर्ण, गोल, खोलीभर. आजी रडायलाच लागल्या. “आवं, एवढं येतंय की! मग माझ्याशी बोलताना काय हुतंय?”

होतं असं की हजारो वेळा म्हटलेले बोल मेंदूत तयार गाठोड्यासारखे राहतात. एक ते दहा आकडे, वार, पाढे, आरती, हरिपाठ, ‘आई गं’, शिवी. त्यांना नव्यानं आखणी लागत नाही, आणि बऱ्याचदा बाहेरून कुणीतरी सुरुवात करून देतं. ‘माझं नाव अमुक’ हे मात्र विचारल्यावर, ठरवून, मुद्दाम म्हणायचं असतं. अप्रॅक्सियात नेमकं मुद्दाम म्हणणंच अडतं. म्हणूनच “बोल की, सकाळी तर बोललास!” असा आग्रह केला की आणखी घट्ट होतं. या तयार बोलांचा उपचारात उपयोग कसा करायचा ते प्रश्न १६ मध्ये आहे.

६. ‘भाकरी’ म्हणायला जातात आणि ‘पाकरी’ येतं. कधी ‘बाकरी’. दात नसल्यामुळं होत असेल का?

दातांचा यात संबंध नाही. प, फ, ब, भ या चौघांसाठी ओठांची हालचाल एकच आहे. फरक फक्त स्वरतंतू कधी थरथरायला लागतात आणि हवा किती सुटते याचा, आणि तो सेकंदाच्या काही शतांशांचा असतो. अप्रॅक्सियात ओठ आणि स्वरतंतू यांची वेळ जुळत नाही, म्हणून भ-चा प होतो.

मराठीत सुरुवातीलाच अशा जोड्या फार आहेत. त्यातही ‘म्ह’, ‘न्ह’, ‘व्ह’ शब्दाच्या तोंडाशी येतात, आणि आपल्या कोल्हापुरी बोलीत तर बोलणंच ‘म्हंजे’, ‘न्हाई’, ‘व्हय’ पासून सुरू होतं. आवाज आणि हवेचा झोत एकाच वेळी सांभाळायचा असल्यानं अप्रॅक्सियात हे शब्द जड जातात. जोडाक्षरांचंही तेच: ‘प्र’, ‘स्व’, ‘क्ष’. उलट ‘ळ’ आणि ‘ण’ मराठी शब्दाच्या सुरुवातीला येतच नाहीत. त्यामुळं इंग्रजी पुस्तकातली सरावाची यादी भाषांतर करून वापरू नका. मी सुरुवात ‘आई’, ‘मामा’, ‘बाबा’, ‘नको’, ‘पाणी’ अशा शब्दांनी करते, आणि ‘म्हणून’, ‘प्रसाद’, ‘स्वयंपाक’ बरेच दिवस मागं ठेवते.

७. मामांना पार्किन्सन आहे. आधी बोलणं सुरूच होत नाही, मग एकदम घाईनं पुटपुटतात. दोन्ही एकाच वेळी कसं?

पार्किन्सनमध्ये माणूस दारात पाय चिकटल्यासारखा थांबतो आणि मग छोटी छोटी पावलं टाकत घाईनं सुटतो, ते तुम्ही पाहिलं असेल. बोलण्यात तेच घडतं. इशारा उशिरा येतो, पहिलं अक्षर कधी ‘म-म-म-म’ असं भराभर घोटाळतं, मग शब्द एकमेकांवर चढतात आणि आवाज विझत जातो.

इथं बाहेरचा इशारा उपयोगी पडतो. जमिनीवर ओढलेली रेघ ओलांडताना जसं पाऊल सहज पडतं, तसं मांडीवर एक टिचकी मारून, समोर लिहिलेला शब्द बघून किंवा दीर्घ ‘आ’ लावून बोलणं सुरू करता येतं. मामांना स्वतःचा आवाज पुरेसा मोठा वाटत असतो, ही या आजारातली खरी अडचण. “मोठ्यानं बोला” म्हटल्यावर एक वाक्य मोठं येतं, दुसरं परत खाली. मोठ्या आवाजावर भर देणारी एक ठरावीक उपचारपद्धत आहे, आठवड्यातून ४ दिवस, ४ आठवडे, एकेक तासाची. ती मेहनतीची आहे, पण परिणाम चांगला आहे आणि लवकर सुरू केलेली बरी. लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या गोळीनं हातपाय जेवढे सुधारतात तेवढं बोलणं सुधारेलच असं नाही. मेंदूत तार बसवायच्या शस्त्रक्रियेनंतर काहींचं बोलणं आणखी बिघडतं, तेव्हा त्याआधी डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा.

८. आमच्याकडं उलटं आहे. सुरुवात स्वच्छ, पण बोलता बोलता जीभ जड होते आणि नाकात बोलल्यासारखं होतं.

मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, या आठवड्यातच. वापरानं स्नायू थकत जाणं आणि विश्रांतीनंतर सुधारणं हे मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजाराचं लक्षण असू शकतं, आणि त्यावर औषध आहे. पापणी पडणं, एकाचे दोन दिसणं हेही असेल तर सांगा. गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल तर थांबू नका. यात थकेपर्यंत बोलण्याचा सराव करायचा नसतो.

९. तोतरेपणा याच प्रकारात येतो का? माझा मुलगा नेमका स्वतःच्या नावावर अडतो.

तोतरेपणाची गणना वेगळी होते, पण तोही मुख्यतः सुरुवातीचा विकार आहे. अडखळणं बहुतेक वेळा शब्दाच्या पहिल्या आवाजावर आणि वाक्याच्या पहिल्या एक-दोन शब्दांवर येतं. साधारण दोन ते पाच या वयात सुरू होतं, बऱ्याच मुलांत आपोआप जातं, आणि मोठ्यांत शंभरात एकाच्या आसपास राहतं. मुलग्यांत जास्त.

नाव अडतं कारण नाव बदलता येत नाही. ‘पाणी’ अडलं तर ‘तहान लागलीय’ म्हणून सुटका होते. नावाला दुसरा शब्द नाही, आणि ते विचारलं जातं ते शाळेत, मुलाखतीत, सगळे बघत असताना. मुलाला “सावकाश बोल, श्वास घे, परत म्हण” सांगू नका. तुम्ही स्वतः सावकाश बोला. तो काय सांगतोय ते ऐका, कसं सांगतोय ते नको. सगळ्यांबरोबर प्रार्थना म्हणताना किंवा गाताना तो अडखळत नसेल, त्यावरून “मनात आणलं तर येतं” असा निष्कर्ष काढू नका.

मोठ्या वयात, पक्षाघातानंतर किंवा डोक्याला मार लागल्यावर अडखळणं सुरू झालं तर मात्र ते वेगळं. त्यात शब्दाच्या मधेही अडतं, आणि तपासणी लागते.

१०. मुलगी तीन वर्षांची झाली. सगळं समजतं, पण ‘पाणी’ला कधी ‘आणी’, कधी ‘मानी’, कधी नुसतं बोट. जिभेचा दोरा कापू का? सासूबाई वेखंड द्या म्हणतात.

आधी कानाची तपासणी. समजतंय असं वाटलं तरी आधी कानच.

‘काका’चा ‘ताता’, ‘प्रसाद’चा ‘पसाद’ हे या वयात चालतं. पण शब्दाचं पहिलं अक्षरच गाळणं, तोच शब्द दर वेळी वेगळा येणं, स्वरही चुकणं, तोंडानं चाचपडणं हे एकत्र दिसलं तर बालपणीच्या अप्रॅक्सियाची शंका घ्यायची. हजारात एखाद-दुसऱ्या मुलाला असणारा हा विकार आहे, आणि तीन वर्षांच्या आत त्याचं पक्कं निदान अवघड. पण निदान पक्कं होईपर्यंत उपचार थांबवायचे नसतात. यात महिन्यातून दोनदा तासभर येण्यापेक्षा आठवड्यात तीन-चार वेळा थोडा थोडा वेळ जास्त कामाचा.

जिभेचा दोरा आखूड असेल तर बाळाला दूध ओढायला त्रास होतो, काही अक्षरं थोडी बिघडू शकतात. पण त्यामुळं मूल बोलायचं थांबत नाही, आणि दोरा कापून अप्रॅक्सिया किंवा तोतरेपणा जात नाही. वेखंड उगाळून चाटवल्यानं हालचालींची आखणी सुधारत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर कशातूनही देऊ नये. सासूबाईंना हे दुखवून सांगू नका. नातीनं बोलावं एवढंच त्यांना हवंय. त्यांना रोज दहा मिनिटं ‘पा-पा-पाणी’ खेळायला बसवा, त्यांच्याइतका वेळ कुणाकडंच नसतो. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही दाखवा.

११. आम्ही वाक्य म्हटलं की भाऊ तसंच्या तसं म्हणतो. पण स्वतःहून एक शब्द काढत नाही. आळस आहे का?

मेंदूच्या मधल्या बाजूचा पुढचा भाग, विशेषतः डावा, दुखावला तर हेच होतं. तिथून स्वतःहून सुरू करण्याचा रेटा येतो. जीभ चालते, भाषा येते, मागून म्हणता येतं, पण आतून सुरुवात होत नाही. त्या भागातली गाठ काढल्यावर काही रुग्ण काही दिवस पूर्ण गप्प होतात आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत बोलणं परत येतं. पक्षाघातात जास्त वेळ लागू शकतो.

“काय हवंय?” असा मोकळा प्रश्न इथं सर्वांत अवघड. “चहा की दूध?” विचारा. किंवा “मला हवाय...” एवढं म्हणून थांबा. माणूस उदास झाल्यामुळंही गप्प होतो, आणि पक्षाघातानंतर उदासी फार जणांना येते. ते वेगळं तपासून घ्यावं लागतं.

१२. ‘आई’, ‘आंबा’, ‘उद्या’ म्हणताना आवाज गळ्यात आवळतो. ‘काका’ नीट येतं. कुजबुजता येतं, हसता येतं. सगळे म्हणतात मनाचं आहे.

मनाचं नाही. स्वरतंतूंच्या स्नायूंना बोलताना आकडी येणारा एक विकार आहे. त्याच्या जास्त दिसणाऱ्या प्रकारात स्वरतंतू घट्ट मिटतात, म्हणून स्वरांनी सुरू होणारे शब्द आवळतात. दुसऱ्या प्रकारात ते एकदम उघडतात, मग ‘काका’, ‘पाणी’, ‘तिखट’ यांची सुरुवात नुसत्या हवेची येते. कुजबुज, हसणं, गाणं बऱ्याचदा सुटतं, आणि म्हणूनच लोकांचा विश्वास बसत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू बघून घ्या. बोटॉक्सचं इंजेक्शन उपयोगी पडतं, साधारण तीन-चार महिने टिकतं, मग पुन्हा घ्यावं लागतं.

१३. काका बोलायला लागले की लोकांना वाटतं दारू प्यायलेत. परवा दुकानातून बाहेर काढलं.

लहान मेंदूला इजा झाली की चाल आणि बोलणं दोन्हीचा ताल जातो. एक अक्षर खूप वेळ अडून मग धाडकन मोठ्यानं बाहेर पडतं, पुढचं हळू. दारूचा परिणामही लहान मेंदूवर होतो, म्हणून दोन्ही सारखं ऐकू येतं. खिशात एक कार्ड ठेवा: “मला मेंदूचा आजार आहे. मी दारू प्यायलेलो नाही. बोलायला वेळ लागतो, कृपया थांबा.” मोठ्या अक्षरांत, मराठीतून. फिट्सच्या काही गोळ्यांचं प्रमाण जास्त झालं तरी असं बोलणं होतं, ते आधी डॉक्टरांकडून बघून घ्या. काकांना जे सोसावं लागलं त्याचं मला फार वाईट वाटतं. असं मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी सांगतंच.

१४. शब्द अडला की आम्ही पूर्ण करून देतो. त्यांना बरं वाटावं म्हणूनच. चुकतंय का?

बहुतेक वेळा हो.

जगभरातल्या वेगवेगळ्या भाषांत मोजून पाहिलंय, की गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. आणि चित्र बघून त्याचं नाव तोंडातून काढायला धडधाकट माणसालाही अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं संपण्याआधीच आपण आपली तयारी करत असतो. आता ज्याला सुरुवातीला चार-पाच सेकंद लागतात, त्याची पाळी येतच नाही. तो ओठ मिटून तयारी करतोय तोवर सून बोलते, मुलगा बोलतो, विषय बदलतो. थोड्या महिन्यांत तो प्रयत्न सोडतो, आणि घरचे म्हणतात, “आता ते बोलतच नाहीत.”

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही शब्द पूर्ण करून द्यायचे. एका आजींनी ‘च...’ एवढं काढलं आणि मी “चहा?” म्हणाले. त्यांनी मान हलवली. “चप्पल? चष्मा?” त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला, दोन-तीनदा श्वास घेतला आणि म्हणाल्या, “चल... घरी.” त्यांना सत्र संपवायचं होतं. तो हात मला अजून आठवतो.

मनात सावकाश दहा अंक मोजा. नजर त्यांच्या चेहऱ्यावर ठेवा, घड्याळावर नको. मदत करू का, हे आधीच ठरवून ठेवा: त्यांनी हात वर केला तर शब्द सुचवायचा, नाहीतर थांबायचं. आणि टीव्ही बंद करा.

१५. फुगे फुगवणं, मेणबत्ती विझवणं, शिट्टी, जीभ बाहेर काढून गोल फिरवणं. किती वेळ करायचं?

बोलणं सुधारण्यासाठी यावर वेळ घालवू नका. फुंकर आणि बोलणं यांत स्नायू तेच असले तरी मेंदूतली आखणी वेगळी असते. बोलायला शिकायचं तर बोलण्याचाच सराव लागतो. गिळण्यासाठी किंवा श्वासासाठी कुणी काही ठरावीक व्यायाम दिले असतील तर ते करा, त्यांचं कारण वेगळं आहे.

१६. भजन पूर्ण म्हणतात. मग रोज गाणीच लावली तर बोलणं परत येईल का?

नुसत्या गाण्यानं नाही, कारण तोंडपाठ गाणं हे प्रश्न ५ मधल्या गाठोड्यांपैकीच. पण चाल आणि ताल यांचा आधार घेता येतो. १९७३ मध्ये बोस्टनमध्ये मांडलेली एक पद्धत आहे: रोजच्या वापराचं वाक्य साध्या दोन सुरांत म्हणायचं, डाव्या हातानं प्रत्येक अक्षराला ठेका द्यायचा, आधी सोबत म्हणायचं, मग हळूहळू आपण गळायचं. आपल्याकडं जुन्या बायकांना ओवीची चाल अंगातच असते. “पाणी दे गं बाई” ओवीच्या चालीवर घेतलं की पहिलं अक्षर सुटतं, असा माझा अनुभव आहे. वाक्य मात्र कामाचं हवं. देवाचं गाणं मनाला बरं वाटायला आहेच.

दुसरा मार्ग सोबत म्हणण्याचा: माझ्या तोंडाकडं बघा, ऐका, माझ्याबरोबर म्हणा. दिवसातून तीन-चारदा दहा मिनिटं, तेच पाच-सहा शब्द, पुन्हा पुन्हा.

१७. किती दिवसांत बोलतील?

पक्षाघातानंतर पहिले काही महिने सुधारणा वेगानं होते, पण पुढं ती थांबते हे खरं नाही. वर्षानंतरही नवे शब्द आलेले मी पाहिलेत. वाढत जाणाऱ्या आजारांत बोलणं टिकवणं हेच ध्येय असतं. तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते विचारा. विचारण्यात संकोच नको.

१८. दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा व भाषा दोष आहे, पार्किन्सनही आहे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणी सरकारी रुग्णालयात, आपल्याकडं कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात. आजार ताजा असताना कायमचं प्रमाणपत्र सहसा देत नाहीत. तपासणीला रुग्णाबरोबर घरचं माणूस जाऊ द्या, पण उत्तरं रुग्णालाच देऊ द्या. सुरुवातीला किती वेळ लागतो हे तपासणाऱ्याला दिसायला हवं.

१९. आम्ही निपाणीचे. घरी कन्नड, बाहेर मराठी, नातवाची शाळा इंग्रजी. एक भाषा बंद करू का?

नको. जास्त भाषांमुळं अप्रॅक्सिया किंवा तोतरेपणा होत नाही. ज्या भाषेत आजी जेवायला वाढते, त्या भाषेत सराव सुरू करा. पक्षाघातात मात्र दोन भाषा नेहमी सारख्याच परत येतात असं नाही. आधी शिकलेली किंवा जास्त वापरलेली पुढं येऊ शकते. जी येईल तिचं स्वागत करा.

२०. समोर असलं की घरचे थांबतात. पण फोनवर काय? मावशी ‘हॅलो’ काढेपर्यंत समोरचा फोन ठेवून देतो.

फोनवर चेहरा दिसत नाही, त्यामुळं शांतता म्हणजे लाइन तुटली असंच समजतात. जमेल तिथं व्हिडिओ कॉल करा. बँक, गॅस, दवाखाना अशा कामांसाठी “मला बोलायला वेळ लागतो, फोन ठेवू नका” हे वाक्य घरच्या कुणाच्या तरी आवाजात रेकॉर्ड करून ठेवा आणि पहिल्यांदा तेच वाजवा. ज्यांना मराठी टाइप करता येतं त्यांच्या फोनमध्ये लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायची सोय असते.

घरच्यांशी बोलायला एवढंही लागत नाही. माझ्याकडं येणाऱ्या एका मावशी फोनशेजारी स्टीलची वाटी आणि चमचा ठेवतात. मुलगा पुण्याला असतो. फोन उचलला की त्या वाटीवर दोनदा ठोकतात. मुलगा म्हणतो, “हां आई, आहे मी, बोल सावकाश.” मग येतं त्यांचं, कधी आठ सेकंदांनी, कधी वीस: “जेव... लास का?”